आधी एक होडी बांधून घ्या

माननीय संपादक,

स. न. वि. वि.

कोळीवाड्यांच्या सुशोभीकरणाच्या बातम्या आपल्या दैनिकात मी आवर्जून वाचतो. भिंतींवर चित्रे, वेशीवर कमान, बसायला बाक आणि दर्शनी जागी चौथऱ्यावर चढवलेली एक रंगवलेली होडी. कोळीवाड्याचा मान राखला जातो याचा आनंदच आहे. पण अशा होडीपाशी उभा राहिलो की मनात येते, हिच्यासारखी दुसरी बांधायची झाली तर मापे कुठून आणणार? हिचा नकाशा नाही. बांधणाऱ्याने कुठे काही लिहून ठेवलेले नाही. मोठे लाकडी ट्रॉलर आजही बांधले जातात, मी बोलतोय ते शिडावर चालणाऱ्या जुन्या घडणीच्या लहान होडीबद्दल. ती बांधू शकणारे जे दोघे-चौघे मला माहीत आहेत ते सगळे सत्तरीच्या पुढचे, आणि त्यांच्या हाताखाली शिकणारे कोणी नाही. म्हणून माझी मागणी साधी आहे. मत्स्यव्यवसाय विभागाने, महापालिकेने किंवा एखाद्या संग्रहालयाने पुढाकार घ्यावा आणि मुंबईच्या किनाऱ्यावर एक होडी मुद्दाम शिकण्यासाठी म्हणून बांधून घ्यावी.

मी कोळी नाही. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत सुतारकामाचा निदेशक होतो. रंधा, पटाशी, गुण्या, खतावणी यांतच आयुष्य गेले. मी निवृत्त झाल्यावर तिथली सुतारकामाची तुकडी विद्यार्थी मिळेनात म्हणून बंद पडली. मुलांना मी दोष देत नाही. प्लायवूड आणि स्क्रू-मशीनवर महिनाभरात रोजंदारी सुरू होत असेल तर हाताने डोव्हटेल सांधा पाडायला वर्षभर कोण घालवणार? पण ज्या गोष्टी फक्त हातात असतात त्या हाताबरोबर जातात, हे मी माझ्याच शेडमध्ये बघितले आहे, आणि किनाऱ्यावर तेच होताना दिसते तेव्हा गप्प बसवत नाही.

माझी मुलगी नोकरीनिमित्त जपानमध्ये नागोयाला असते. तिच्याकडे राहायला गेलो तेव्हा तिथले सुतारकाम बघायचे हे ठरवूनच गेलो होतो. कोबे शहरात ताकेनाका कंपनीने १९८४ साली सुरू केलेले सुतारी हत्यारांचे संग्रहालय आहे. तिथे एका सुताराचा पूर्ण संच मांडून ठेवला आहे. १९४३ साली झालेल्या पाहणीत टोकियोतल्या एका सुताराकडे किती हत्यारे लागतात ते मोजले गेले, ती भरली १७९. नुसत्या पटाश्यांच्या रांगेपुढून मला हलता येईना. शाईची दौत आणि तिच्यातून ओढायचा दोरा बघितला आणि आपले गेरूत भिजवून सूत मारणारे सुतार आठवले. जुन्या जपानी चित्रांतला सुतार जमिनीवर बसून पायाने लाकूड दाबून धरतो, अगदी आमच्या आजोबांच्या पिढीसारखा. करवत आणि रंधा मात्र ते स्वतःकडे ओढून चालवतात. ओढताना पाते ताणलेले राहते, वाकत नाही, म्हणून ते पातळ ठेवता येते आणि काप बारीक पडतो.

पण मला सांगायचे आहे ते होड्यांचे. नागोयाहून रेल्वेने गिफूला जायला अर्धा तासही लागत नाही. तिथे नागारा नदीवर ११ मे ते १५ ऑक्टोबर या काळात रात्री पाणकावळ्यांकरवी मासे धरतात. नावेच्या टोकाला लोखंडी जाळीत लाकडे पेटवलेली, त्या उजेडात दोरीला बांधलेले पक्षी पाण्यात बुडी मारतात. या मच्छीमारांची नेमणूक जपानच्या राजघराण्याच्या खात्याकडून होते. त्यांची नाव, उबुने, सुमारे १३ मीटर लांबीची, कोयामाकी नावाच्या लाकडाची. लोक पक्ष्यांचे फोटो काढत होते. मी दिवसाउजेडी पुन्हा जाऊन नदीकाठी लावलेल्या नावांचे सांधे बघत बसलो.

सुतारकाम करणाऱ्याला तो सांधा बघून राहवत नाही. जपानी होडीत आपल्यासारखे वांक, म्हणजे होडीच्या आतल्या बाकदार फासळ्या, फार थोडे असतात, कधी कधी जवळजवळ नसतातच. सगळा जोर जाड फळ्यांवर आणि त्यांच्या कडांवर. दोन फळ्या कडेला कड लावून धरायच्या आणि त्यांच्यामधल्या फटीतून करवत चालवायची. जिथे फळ्या एकमेकींना टेकतात तिथले लाकूड दोन्ही बाजूंनी खरवडले जाते, जिथे फट आहे तिथून करवत मोकळी जाते. मग फळ्या आणखी जवळ आणायच्या आणि पुन्हा करवत, आधी जाड दातांची, मग बारीक, असे करत करत दोन्ही कडा एकमेकींच्या मापाच्या होतात. रंध्याने कितीही सरळ केलेली कड अशी बसत नाही, कारण होडीची फळी सरळ नसते, ती वळत वळत जाते. करवतीने कडा जुळवण्याच्या या कामाला ते सुरिआवासे म्हणतात.

पुढची पायरी मला सर्वांत आवडली. जुळवलेल्या कडा हातोडीने हलके हलके ठोकून दाबतात, इतक्या की लाकडाचे तंतू आत बसतात. याला किगोरोशी म्हणतात. मग फळ्या जोडायच्या. होडी पाण्यात गेली की ती दाबलेली कड भिजत घातलेल्या हरभऱ्यासारखी फुगते आणि सांधा आपला आपण आवळला जातो. काही भागांत झाडाच्या सालीचे तंतूही फटीत भरतात, पण कारागिराचा खरा भरवसा त्या दाबलेल्या लाकडावर. खिळेही साधे नव्हेत. चपटे, लांब, घडीव. फळीच्या अंगाला खाच पाडून तिथून तिरका वळण घेत खिळा दुसऱ्या फळीच्या कडेत शिरतो. त्याची वाट आधी करून घ्यायला एक लांब पटाशी असते, तिला मुठीजवळ लोखंडी कान काढलेला असतो. आत घालताना डोक्यावर ठोकायचे, अडकली की त्या कानावर उलटे ठोकून बाहेर काढायचे. ती पटाशी मी संग्रहालयात काचेआड बघितली तेव्हाच वाटले, ज्याने हा कान पहिल्यांदा काढला असेल त्याची पटाशी आधी कितीदा लाकडात अडकून बसली असेल.

आता आपल्याकडची रीत बघा. सुरतेच्या जहाजबांधणीत जुनी पद्धत अशी की फळीच्या कडेला खाच पाडायची, दुसऱ्या फळीची कड तिच्यात बसेल अशी करायची, आणि बसते की नाही ते बघायला एका कडेला गेरूचा हात मारायचा. फळ्या एकमेकींवर टेकवून काढल्या की जिथे रंग उमटला तिथे लाकूड उंच आहे. तेवढेच ताशायचे, पुन्हा टेकवायचे, पुन्हा ताशायचे. जपानी कारागीर करवतीला विचारतो, आपला गेरूला. आमच्या कोळी होडीत फटीत कापूस ठासून वर तेलात शिजवलेली राळ बसवतात. लाकूड वेगळे, समुद्र वेगळा, म्हणून रीत वेगळी. अकलेत आणि मेहनतीत आपला कारागीर त्यांच्यापेक्षा तसूभरही कमी नाही, हे मी तीस-पस्तीस वर्षे लाकडाशी झटलेला माणूस म्हणून जबाबदारीने लिहितो.

फरक आहे तो पुढे काय झाले यात. जपानी होडीकारागीरही लिहून ठेवणाऱ्यातले नव्हते. सुगी नावाच्या जपानी झाडाच्या फळीवर शाईने एक दशांश मापात होडीची नुसती बाजू रेखाटायची आणि काही मोक्याची मापे मुद्दाम त्यावर घालायचीच नाहीत, ती स्वतःच्या डोक्यात ठेवायची. शागीर्दाने पाच-सहा वर्षे झाडलोट करत, धार लावत, बघून बघून शिकायचे. विचारायची पद्धत नव्हती. दुसऱ्या महायुद्धानंतर लाकडी होड्यांना मागणी राहिली नाही, आधी इंजिने आली, मग फायबर आले, शागीर्द येईनासे झाले आणि मापे कारागिराबरोबर जाऊ लागली. आपल्यासारखीच गत.

तेव्हा काही जणांनी एक गोष्ट केली, आणि तीच आपण करावी असे माझे म्हणणे आहे. त्यांनी म्हाताऱ्या कारागिराची मुलाखत घेऊन त्यावर भागवले नाही, त्याच्याबरोबर होडी बांधली. अमेरिकेतल्या व्हरमाँटचा डग्लस ब्रूक्स हा होड्या बांधणारा माणूस १९९६ पासून जपानमध्ये सत्तरी-ऐंशी ओलांडलेल्या कारागिरांकडे शागीर्द म्हणून राहिला. त्यांतल्या बहुतेकांचा तो एकटाच शागीर्द. सुरुवात केली ती सादो बेटावरच्या टबासारख्या होडीपासून. सादोच्या ओगी भागात १८०२ च्या भूकंपाने किनारा वर उचलला गेला आणि खडकांत अरुंद खाचा झाल्या, तिथे लांब होडी वळत नाही. म्हणून सुगीच्या पट्ट्या बांबूच्या कड्यांनी आवळलेली गोल होडी. तीत बसून बायका शेवाळ आणि शिंपले काढतात. या होडीच्या बांधणीचे कसब जपान सरकारने २००७ साली राष्ट्रीय लोकवारसा म्हणून जाहीर केले. लक्षात घ्या, होडी नव्हे, होडी बांधण्याचे कसब.

गिफूच्या उबुनेचेही तसेच. २०१७ साली तिथल्या वनशिक्षण अकादमीत ऐंशी पार केलेल्या कारागिराच्या नजरेखाली नवी नाव बांधली गेली. हाताखाली ब्रूक्स आणि तरुण मुले, आणि टोकियोच्या सांस्कृतिक वारसा संशोधन संस्थेने सगळ्या कामाची नोंद ठेवली. फळी निवडण्यापासून नाव पाण्यात सोडेपर्यंत.

जपानमध्ये हे आपोआप झाले असे कोणी समजू नये. २६ जानेवारी १९४९ रोजी होर्युजी या सातव्या शतकातल्या लाकडी मंदिराच्या मुख्य दालनाला आग लागली आणि अजिंठ्याशी ज्यांची तुलना होते ती भित्तिचित्रे जळाली. देश हादरला आणि दुसऱ्याच वर्षी, १९५० मध्ये, सांस्कृतिक वारशाच्या रक्षणाचा कायदा झाला. त्यात वस्तूंबरोबर कसबालाही जागा दिली. इसेचे देऊळ तर दर २० वर्षांनी शेजारच्या जागेवर नव्याने बांधतात. ६९० साली सुरू झालेली ही रीत मध्ये युद्धांच्या काळात शंभराहून अधिक वर्षे बंद पडली होती, तरी पुन्हा धरली गेली. शेवटची बांधणी २०१३ ला झाली, पुढची २०३३ ला. विशीतला सुतार शिकतो, चाळिशीत काम ओढतो, साठीत शिकवतो. एका शिक्षकाच्या नजरेने बघा, यापेक्षा चांगला अभ्यासक्रम कुठला? २०२० साली जपानच्या लाकडी वास्तूंच्या जतनाची कसबे युनेस्कोच्या यादीत गेली ती उगाच नाही.

आणि आपली मुंबई! लवजी नसरवानजी वाडिया १७३६ साली सुरतेहून इथे आले, आणि त्यांच्या घराण्याने बांधलेली सागवानी जहाजे जगभर गेली. १८४२ चा नानकिंगचा तह ज्या 'कॉर्नवॉलिस'वर झाला ती युद्धनौका मुंबईचीच. १८१७ साली इथे बांधलेली 'त्रिंकोमाली' आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलच्या धक्क्याला पाण्यावर उभी आहे, दोनशे वर्षांहून जास्त काळ. तिचा नकाशा घेऊन येणारे 'जावा' हे जहाज १८१२ साली अमेरिकनांच्या हाती लागले, तेव्हा इंग्लंडहून दुसरा नकाशा पाठवला गेला. राजाच्या जहाजाला दोन-दोन नकाशे. ज्या होडीवर इथल्या कोळ्यांच्या पिढ्या पोसल्या तिला एकही नाही.

नुकतेच आपल्या नौदलाने अजिंठ्याच्या चित्रातले जहाज प्रत्यक्षात आणले. 'कौंडिण्य' मे २०२५ मध्ये कारवारला नौदलात आले. त्याचा जुना नकाशा कुठून असणार? चित्रावरून अंदाज बांधले, मद्रासच्या आयआयटीत नमुन्याच्या चाचण्या घेतल्या. पण फळ्या काथ्याच्या दोरीने शिवल्या त्या केरळच्या कारागिरांनी, कारण त्यांच्याकडे ते शिवणकाम अजून जिवंत होते. ते हात नसते तर चित्र भिंतीवरच राहिले असते. त्या जहाजाची मला मनापासून धन्यता वाटते, आणि म्हणूनच विचारावेसे वाटते की उद्या कोळी होडीसाठी असे हात कुठून आणायचे.

मढच्या बाजूला एक काका आहेत. नाव लिहीत नाही, त्यांना ते आवडणार नाही. पावसाळी बंदीच्या दिवसांत बोटी वर ओढलेल्या असतात, तेव्हा त्यांच्याकडे डागडुजीचे काम असते आणि मी जाऊन बसतो. त्यांच्याकडे जुन्या फळकुटाचा एकच फरमा आहे, हातभर लांब, वापरून वापरून कडा गुळगुळीत झालेल्या. त्यावर खाचा आहेत. मधल्या वांकाला फरमा एका खाचेवर धरायचा, नाळेकडे, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाकडे, जाताना पुढच्या खाचेवर सरकवायचा, आणि प्रत्येक वांकाचा बाक त्या एका लाकडातून निघतो. कोणती खाच कधी, हे फक्त त्यांना ठाऊक. वांकासाठी सरळ लाकूड कापून चालत नाही, रेषा तुटतात आणि लाटेच्या माऱ्यात वांक तडकतो. म्हणून मुळातच वाकडी वाढलेली फांदी हवी. पूर्वी ते हाच फरमा घेऊन लकडी बंदरच्या वखारीत हिंडायचे. खाचांच्या जागा मी वहीत उतरवायला लागलो तेव्हा म्हणाले, "मास्तर, माप डोल्यान हाय, कागदावर नाय." मी म्हटले, "काका, मग डोळ्यांनी बघायला दोन पोरे आणून देतो, चालेल?" त्यावर ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "आना. पन पोट कोन भरंल त्यांचा?"

हाच खरा प्रश्न आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत १८ व्यवसाय आहेत आणि त्यांत सुताराबरोबर नाव बांधणारा वेगळा धरला आहे, ही फार चांगली गोष्ट झाली. हत्यारांसाठी १५,००० रुपये, प्रशिक्षणाच्या दिवसांचे रोज ५०० रुपये. पण मूळ प्रशिक्षण पाच ते सात दिवसांचे. ज्याला काम येते त्याला ते पुरते. ज्याला शून्यापासून होडी शिकायची आहे त्याला पाच दिवसांत करवतीची धार लावतासुद्धा येत नाही. काकांना पैसे मिळाले तर त्यांची हत्यारे नवी होतील. खाच कुठली ते कोणाला कळणार नाही.

म्हणून नेमके काय हवे ते लिहितो. अठरा-वीस फुटांची एक होडी, जुन्या घडणीची, शिडासकट. लाकडाचा खर्च आणि कारागिराची पूर्ण मजुरी सरकारने किंवा संग्रहालयाने द्यावी, मानधन म्हणून हातावर टेकवलेली रक्कम नको. दोन शागीर्द, त्यांतला एक तरी कोळीवाड्यातला, आणि मुलगी पुढे आली तर आनंदच. त्यांना होडी पाण्यात उतरेपर्यंत विद्यावेतन. १९६१ चा शिकाऊ उमेदवार कायदा आहेच, त्याचा आधार मिळतो का ते विभागाने बघावे. जवळच्या आयटीआयने जागा आणि हत्यारे द्यावीत, बंद पडलेल्या तुकड्यांची हत्यारे कपाटांत पडून आहेतच. रोजच्या कामाचे चित्रीकरण व्हावे आणि पठाण, म्हणजे होडीच्या तळाचे मुख्य लाकूड, टाकल्यापासून प्रत्येक लाकडाचे माप कागदावर यावे. कारागिराने एखादे माप सांगायचे नाही म्हटले तर त्याचा मान ठेवावा, जबरदस्ती नको. शागीर्द बघून शिकेल. आणि बांधून झालेली होडी चौथऱ्यावर चढवू नये. ती मासेमारीला द्यावी, वर्षभर समुद्रात चालली की कुठे चुकले ते कळेल, आणि त्याचीही नोंद व्हावी.

वर्सोवा, मढ आणि उत्तनच्या ज्या कारागिरांना मी ओळखतो त्यांच्याशी गाठ घालून देईन. मापे घ्यायला, नकाशे काढायला आणि मुलांना धार लावायला शिकवायला मी रोज येईन, मोबदला नको. फक्त एक विनंती. साग आणि वाकडे लाकूड वखारीतून निवडून, चिरून, सावलीत सुकवायला काही महिने जातात. पुढच्या पावसाळी बंदीत काम सुरू करायचे असेल तर लाकूड दिवाळीच्या आत घ्यावे लागेल.

आपला,
एक सेवानिवृत्त सुतारकाम निदेशक
विक्रोळी (पूर्व), मुंबई
(नाव व पत्ता संपादकांकडे)